सगळ्यात लांब उत्तर

आठवीतल्या एका मुलीला मी अख्ख्या वर्गासमोर चोर म्हटलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना मी स्वतःला सांभाळून घ्यायला लागेन.

मरोळच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. आम्ही मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. त्यामुळे राग आला की माझ्या तोंडून मालवणी सुटते. ‘गप रवा रे मेल्यांनो’ ऐकलं की पोरांना कळतं, बाई आता भडकणार. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर चाचण्या घ्यायची सवय लागली, तेव्हापासून घटक चाचणीला मी वीस बहुपर्यायी प्रश्न देते. चार पर्याय, त्यातला एक बरोबर. साठ पेपर तासाभरात तपासून होतात. पेपर काढावा तर तुम्हीच, एकदम झकास, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे आणि मी फुगायचे. चहा गार व्हायच्या आत वीस प्रश्न पाडत होते ना मी!

ही मुलगी सहावीपासून माझ्याकडे. मागच्या बाकावर बसणारी, अबोल. चाचणीत कायम अठरा नाहीतर एकोणीस. मोठ्या परीक्षेला गाइडमधलं पाठ करून निभावून न्यायची. तिची आई साकीनाक्याला कपड्यांच्या कारखान्यात धागे कापते. वाशीमकडची बाई, एकटीनं पोरगी वाढवतेय. दर पालकसभेला मी तिला सांगायचे, ‘ताई, पोरगी हुशार आहे हो तुमची.’ ती नुसती मान हलवायची आणि पदर सारखा करायची.

यंदाच्या दुसऱ्या चाचणीला मुलीला एकोणीस मिळाले. दुसऱ्या दिवशी, काय मनात आलं कोण जाणे, मी तेच प्रश्न पर्याय न देता फळ्यावर लिहिले. म्हटलं, तुमच्या शब्दांत उत्तरं लिहा. हिची वही कोरी. पूर्ण कोरी! आणि मला आठवलं, चाचणीच्या आदल्या दिवशी वह्यांचा गठ्ठा घेऊन हीच स्टाफरूममध्ये आली होती आणि माझी उत्तरसूची टेबलावर उघडी पडली होती. झालं. माझं डोकं सटकलं. ‘चोरी केलीस ना गं? बोल!’ ती कोऱ्या वहीकडेच बघत राहिली. मी तिथंच तिला चोर म्हटलं आणि आईला बोलावणं धाडलं.

आई अर्धा दिवस रजा टाकून आली. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही चौघी. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि पोरीकडे न बघताच म्हणाली, ‘चोरी केली असन, तर उद्यापासून शाळा बंद. माझ्यासंगं कारखान्यात बसन.’ बोलली ती हळूच, पण खरंच बसवेल हे दिसत होतं. मी तिला थांबवायला हवं होतं. पण राग काही उतरला नव्हता, म्हणून मी गप्प राहिले. याची लाज मला अजून वाटते.

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. ‘मी चोरी नाही केली. बाई, दुसरा कुठला पण पेपर द्या. इथे बसून सोडवते.’

मी तणतणत गेले आणि माझ्या कुलपातल्या कपाटातून दहावीच्या चाचणीसाठी मी काढलेला पेपर आणला. अजून कोणाला दिलेला नव्हता. ‘घे. दहावीचा आहे. सोडव!’ मोठ्या बाई म्हणाल्या, अहो, आठवीतली आहे ती. मी म्हटलं, असू दे.

दहा मिनिटांत तिनं पेपर परत दिला. मी लाल पेन उघडलं. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा, चौथा... वीसपैकी सतरा! मी परत तपासले. सतराच.

‘अगं, हे तुला कसं येतं?’

‘येत नाही बाई,’ ती म्हणाली. ‘पण जो पर्याय सगळ्यात लांब असतो ना, तो बरोबर असतो.’

मी पेपर बघितला. बर्फ वितळत असताना त्याचं तापमान: वाढते. कमी होते. दुप्पट होते. आणि चौथा पर्याय, दिलेली उष्णता अवस्था बदलण्यासाठी वापरली जात असल्याने स्थिर राहते. आवशीचो घो! उत्तर मीच ओरडून सांगत होते की. बरोबर उत्तरात कोणी खोट काढू नये म्हणून मी त्यात सगळं कोंबायचे आणि चुकीचे तीन कसेतरी उरकायचे. पोरगी सांगतच होती. ‘वरीलपैकी सर्व’ आलं की तेच. ‘नेहमी’ किंवा ‘कधीच’ असेल तर चूक. एक पर्याय तुम्ही हसवायला टाकता, तो सोडून द्यायचा. मोठ्या बाई तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. वीस वर्षं पेपर काढतेय मी, आणि माझी कुंडली तेरा वर्षांची पोर वाचत होती.

‘मग मला सांगितलं का नाहीस कधी, की काही कळत नाही म्हणून?’

‘तुम्ही विचारलंच नाही. ज्यांना कमी पडायचे त्यांना तुम्ही जवळ बसवून परत शिकवायच्या.’

आई इतका वेळ ऐकत होती. ती आता माझ्याकडे वळली.

‘म्हणजे बाई, हिनं चोरी केली नाही.’

‘नाही.’

‘अन् हिला येतही नाही.’

मी मान खाली घातली.

‘मग तीन वर्षं तुम्ही हुशार हुशार म्हणत होत्या, ते कशावरून? तिचे पेपर मी घरी बुद्धमूर्तीच्या शेजारी लावले आहेत.’

कोणी कानाखाली वाजवली असती तरी परवडलं असतं. शाळा बंद करू नका, एवढंच म्हणाले, आणि म्हणताना रडले. मोठ्या बाईंसमोर, पोरीसमोर. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत आली, तेव्हा वर्गात उभी राहून मी तिची माफी मागितली. साठ पोरं टकामका बघत होती.

पुढचा पेपर काढायला मला चार संध्याकाळी लागल्या. चुकीचे पर्याय मी माझ्या डोक्यातून काढलेच नाहीत. वर्गात तोंडी प्रश्न विचारले आणि पोरं जे चुकली तेच लिहून घेतलं. ‘गॅस चालू आहे म्हणजे बर्फ गरम होणारच ना बाई,’ असं पाच जण म्हणाले. तो झाला एक पर्याय. मग चारही उत्तरं सारख्याच लांबीची केली. दरम्यान या मुलीला शाळा सुटल्यावर रोज जवळ बसवून सहावीच्या पुस्तकापासून शिकवायला घेतलं होतं.

चाचणीत निम्म्या वर्गाची वाट लागली. हिला सहा मिळाले. वीसपैकी सहा.

आईला मी पुन्हा बोलावलं, या वेळी तिच्या सुट्टीच्या दिवशी. पेपर तिच्या हातात दिला. हे बघून आता ही पोरीला खरंच घेऊन गेली तर? ती पेपर घेऊन खिडकीपाशी गेली. बरोबरच्या एकेका खुणेवर बोट ठेवून तिनं मोजलं.

‘हे सहा तिचे स्वतःचे आहेत ना बाई?’

‘हो ताई. एकेक तोंडी विचारून बघितलं मी. सहाच्या सहा तिचेच.’

तिनं पेपराची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

‘मग हा लावते,’ ती म्हणाली. ‘जुने काढून टाकते.’