एकदम आलेली भीती

मी मुलाखतीसाठी चंद्रपूरला निघाले होते. मूल गाव सोडल्यावर एसटीत अचानक छाती धडधडू लागली, श्वास पुरेना. मागे असं झालं तेव्हा डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं होतं, तरी आता मरणार असंच वाटलं. मी उतरायला उठले, तर शेजारच्या बाईंनी मनगट धरलं. जंगलात बिडीसाठी तेंदूपत्ता तोडून त्यांची बोटं काळवंडली होती.

"सकाळपासून वाढत आलं, का एकदम?"

"एकदम."

"मंग बस. जंगलात जायाची भीती मले आदल्या रातीपासून चढते. तिले कारण हाय, वाघ. हे दुसरं, बिनकारनाचं. चुलीपाशी बसल्या बसल्या धरते मले. घडीभरात उतरते."

पानं तोडताना बायका झाडीआड गेल्या की एकमेकींना हाक देत राहतात. बाई खिडकीबाहेर बघत तशीच हाक देऊ लागल्या, "हायेस काय, पोरी?" मी कसंबसं "हो" म्हणायचे. सातव्या-आठव्या हाकेला माझा आवाज नीट निघाला.

"आता वाघ बी पळन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीच्या खोलीबाहेर पुन्हा भीती वाटली. पण ही भीती पहाटेपासून हळूहळू चढलेली होती, आणि तिचं कारण दाराआड खुर्च्यांवर बसलं होतं. मी दार ढकललं.