उत्तराची वाट

लॉकडाऊनमध्ये आमच्या सांगलीच्या बी.एड. कॉलेजचे सराव पाठ मोबाईलवर चालायचे. वाळव्याकडची एक विद्यार्थिनी तेवढी इस्त्रीची साडी नेसून, गोठ्याच्या दारावर रंगवलेल्या फळ्यापाशी उभी राही. वर्गमैत्रिणीच तिचे विद्यार्थी, सगळ्यांचे कॅमेरे बंद. बाकीच्या मुली पाठ घेताना प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देऊन टाकत. ही मात्र थांबायची.

"घाई न्हाई. कुणीतरी बोलंलच."

'वेळ वाया जातो,' असा शेराही मी तिच्या पाठावर मारला होता.

एकदा कुणीच बोलेना. मी निरीक्षक, पण कॅमेरा बंद ठेवून मटार सोलत होते.

"मॅडम, तुमी सांगा."

प्रश्नच ऐकला नव्हता. तसं कबूल केलं.

"मग परत विचारते," ती शांतपणे म्हणाली.

मी मटार बाजूला सारले आणि कॅमेरा सुरू केला.