वळणापर्यंत मी

डर्बी ही तरण्या घोड्यांची मानाची शर्यत. घोड्याला ती आयुष्यात एकदाच, चौथ्या वर्षी धावता येते. मी मात्र ती दरवर्षी हरत आलो, कारण घोडा निवडण्याचे माझे शास्त्र म्हणजे शेपटी. माझ्या बायकोचे, सुमनचे, शास्त्र म्हणजे घराणे. "याच्या आजोबांनी हीच डर्बी मारली होती, आईही इथेच धावलेली," असे ती सोयरीक जुळवल्यासारखे सांगे. या शर्यतीचा सगळा इतिहास तिच्या लेखी एका मोठ्या कुटुंबाचा होता.

आमच्यात दुर्बीण एकच. वळणापर्यंत मी पाहायचे, पुढे तिने. शेवट ती मला सांगायची.

सुमन गेल्यावर यंदा पहिल्यांदाच एकटा गेलो. आता शेवट आपणच पाहायचा, असे मनाला बजावले होते. घोडे वळणावर आले आणि मी सवयीने दुर्बीण डावीकडे केली. "घे गं लवकर!"

डावीकडे एक जाडजूड अनोळखी गृहस्थ होते. त्यांनी ती खुशाल डोळ्यांना लावली.

"काका, तुमचा कुठला?"

"पांढऱ्या शेपटीचा."

"अरेरे! तो सगळ्यांच्या मागे आहे हो!"

मला हसूच आले. तेवढ्यात ते ओशाळले आणि दुर्बीण परत करू लागले. "घ्या, घ्या, अजून थोडी शर्यत राहिलीय."

"राहू द्या," मी म्हणालो. "शेवट तुम्हीच सांगा. आणि जिंकेल त्याची आई कोण, तेही सांगा."

शेवट त्यांनी अगदी ओरडून सांगितला. आई कोण, ते त्यांना ठाऊक नव्हते.