गोड आवाजाची बदली

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईला कुणी किस्से विचारू नयेत. विचारलेत ना? मग आता बसा! कानाला हेडफोन लावला की अख्खं गाव कानात येऊन पडायचं. घरी गेलं, दोन घास पोटात ढकलले, तरी ते बाहेर निघायचं नाही. असं साठत साठत इतकं झालंय की आमचे हे म्हणतात, "तुझी लाइन एकदा लागली की कटत नाही."

गाव नगर जिल्ह्यातलंच, उत्तरेकडचं, साखर कारखान्याचं. नाव सांगणार नाही. तिथले लोक अजून हयात आहेत आणि त्यांना तक्रार करायची जुनी खोड आहे. सालं बहात्तर-त्र्याहत्तरची, दुष्काळाची. नळाला पाणी नव्हतं, पण लोकांना फोन मात्र ताबडतोब लागायला हवा असायचा. तेव्हा फोन फिरवून लागत नसे. माणसानं उचलला की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबराचं झाकण पडायचं, आम्ही "नंबर प्लीज" म्हणायचं आणि हातानं कॉर्ड खुपसून जोडून द्यायचं. म्हणजे प्रत्येक बोलण्याच्या मध्ये एक बाई बसलेली. आणि बाई मध्ये बसलेली असली की शिव्या कुणाला घालायच्या हा प्रश्नच उरत नाही.

*

गुळाचे व्यापारी मोतीशेठ. झाकण पडायचं आणि पहिलं वाक्य यायचं, "बाई, झोपल्या काय?"

एकदा त्यांनी आमच्या सुपरवायझरकडे, टेंबे साहेबांकडे, तक्रार केली की ऑपरेटर बाया आमचं बोलणं चोरून ऐकतात. टेंबे साहेबांनी मला उभं करून अर्धा तास झापलं. "ग्राहकाचं कधी चुकत नसतं, देशपांडेबाई!"

पुढच्याच आठवड्यात शेठजींचं झाकण पडलं. "बाई, काल त्या पुण्याच्या पार्टीनं गुळाला काय भाव सांगितला हो? मी इसरलो."

मी म्हटलं, "शेठजी, आम्ही ऐकत नाही."

लगेच दुसरी तक्रार गेली. ऑपरेटर बाया अजिबात मदत करत नाहीत!

*

माझ्या शेजारच्या खुर्चीवर शालिनी गाडेकर बसायची. खर्ड्याची पोर. तिचा नवरा आमच्याच खात्यात लाइनमन होता, खांबावरून पडून गेला. त्याच्या जागी खात्यानं हिला नोकरी दिली, पण दिली कुठं, तर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिची चार वर्षांची मुलगी, मंगल, खर्ड्याला आजीपाशी. इथं ठेवणार कुठं? आमच्या ड्यूट्या कधी पहाटे, कधी दुपारी. शालिनी दोघीतिघींत मिळून एका खोलीत राहायची. खर्ड्याला जायचं तर एसटीनं दिवस मोडायचा, त्यामुळे लेकीचं तोंड दोन-दोन महिने दिसायचं नाही.

तिला जामखेडच्या एक्स्चेंजला बदली हवी होती. जामखेडहून खर्डा जवळ. रोज संध्याकाळी घरी जाता आलं असतं. बस्स, एवढंच हवं होतं तिला.

टेंबे साहेब म्हणाले, "वर्षभर तुमच्याविरुद्ध एकही तक्रार येऊ देऊ नका. मी स्वतः शिफारस करतो."

त्या दिवसापासून शालिनी बोर्डावर बसली की दुसरीच बाई व्हायची. खोलीवर ती खर्ड्याचं खणखणीत बोलायची, भांडायची, हसायची. बोर्डावर मात्र साखरेत घोळवलेला, अगदी पुण्याच्या शाळेतल्या बाईंसारखा आवाज! मी तिला चिडवायची, "अगं, हा आवाज कुठनं भाड्यानं आणलास?" ती म्हणायची, "ताई, वरीसभर तर वापरायचाय. मंग देऊन टाकू परत."

*

त्या वर्षी वादळात बेलापूरकडचे खांब आडवे झाले. मुंबईची लाइन बंद. आणि नेमका तेव्हाच आमच्या गावच्या पुढाऱ्यांना, भाऊसाहेबांना, मुंबईला फोन हवा होता. कॉल अर्जंट नव्हे, लायटनिंग! आठपट पैसे मोजीन, पण लावा.

शालिनीनं सांगितलं, "साहेब, खांब पडलेत."

"खांब पडले ते मला काय सांगती? आत्ताच्या आत्ता मंत्र्याला सांगून तुझी नोकरी घालवतो!"

मी शेजारी बसून ऐकत होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! पण शालिनी काय म्हणाली असेल? "हो साहेब. लाइन सुरू झाली की सगळ्यात आधी मंत्र्यांनाच लावून देते."

भाऊसाहेब खूश! "बाई समजूतदार हाय," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी लाइन सुरू झाल्यावर तिनं खरंच सगळ्यात आधी तो कॉल लावून दिला. स्वतःच्या नोकरीवर घाला घालणारा कॉल इतक्या तत्परतेनं जोडणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. सुदैवानं मंत्री दौऱ्यावर होते.

*

मग आला सौजन्य सप्ताह. पुण्याहून एक मोठे अधिकारी आले. त्यांनी आम्हाला भाषण दिलं. ग्राहक समाधानी तर खातं समाधानी. ग्राहकाला तुमचा चेहरा दिसत नाही, पण तुमचं हसू ऐकू येतं. म्हणून प्रत्येक ऑपरेटरसमोर एक आरसा बसवण्यात येईल. बोलताना आरशात बघायचं आणि हसायचं!

भाषण संपल्यावर म्हणाले, "काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा."

झालं! मी उठले. "साहेब, खोलीत पंखा एकच आहे, तो सुपरवायझर साहेबांच्या डोक्यावर आहे. माझ्या खुर्चीचा एक पाय विटेवर आहे. आणि बायकांसाठी संडास नाही. आम्ही समोरच्या शिंपिणीच्या घरी जातो. ती माहेरी गेली की आम्ही दिवसभर पाणी पीत नाही."

साहेबांनी मान डोलावली. "नोंद घेतो," म्हणाले. टेंबे साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या ताटात थुंकले होते.

पुढच्या पंधरवड्यात आरसे आले. पंखा आला नाही, संडास आला नाही, वीट जिथल्या तिथं! घामानं निथळलेला, तहानेनं सुकलेला आपलाच चेहरा समोर बघत आम्ही हसायला लागलो. सगळ्यांत आधी कुंकू ओघळलेलं दिसायचं. शेजारची शालिनी आरशात न बघताच हसायची. मी विचारलं, तर म्हणाली, "आरशात बघितलं की मंगल दिसती. नाक माझंच हाय तिला."



*

मोतीशेठच्या मुलीचं बाळंतपण पुण्यात होतं, अडलेलं. शेठजी दुकान सोडून फोनपाशी बसले होते आणि त्या दिवशी "झोपल्या काय" म्हणायची सुद्धा ताकद त्यांच्यात नव्हती. पुण्याची लाइन सारखी तुटायची. शालिनीची ड्यूटी संपली, तरी ती उठली नाही. नगरच्या ऑपरेटरच्या विनवण्या करून, पुण्याच्या ऑपरेटरशी गोड बोलून, तिनं ती लाइन धरून ठेवली. मुलगी सुटली, नातू झाला, ती बातमी शेठजींच्या कानात पडली तेव्हा ते लहान पोरासारखे रडले. इकडं शालिनीही डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः पेढ्यांचा हा एवढा पुडा घेऊन एक्स्चेंजमध्ये आले. आम्ही माना उंच करून बघत होतो.

पुडा त्यांनी टेंबे साहेबांच्या हातात दिला. "साहेब, तुमच्यामुळं झालं सगळं!"

टेंबे साहेब म्हणाले, "आमचं कर्तव्यच आहे ते." आणि पुडा ड्रॉवरमध्ये गेला. आम्हाला त्याचा वाससुद्धा आला नाही.

*

वर्ष सरलं. शालिनीविरुद्ध एक तक्रार नाही! टेंबे साहेबांनी शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. शिफारस केली, वरून जामखेडची ऑर्डर निघाली. शालिनीनं ट्रंक भरली, मंगलसाठी लाल रिबिनी आणि परकर घेतला. भावाला निरोप धाडला, दिवाळीनंतर मी कायमची येते म्हणून. खोलीवर तिनं आम्हाला शेंगोळे करून घातले. त्या दिवशी ती जेवणभर खर्ड्याच्याच बोलीत बोलली.

निघायच्या आधी गावातल्या व्यापाऱ्यांनी तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. मोतीशेठनी भाषण केलं. मग भाऊसाहेब उठले.

"मंडळी," ते म्हणाले, "या बाईसारखी ऑपरेटर उभ्या जिल्ह्यात न्हाई. अशा बाईला आपण जाऊ द्यायचं? आपल्या गावाची सोय दुसऱ्या तालुक्याला द्यायची? मी आन् मोतीशेठ कालच नगरला जाऊन आलो. वरच्या साहेबांना भेटलो. आन् मला सांगायला आनंद वाटतो, की बाईंची बदली आमी रद्द करून आनली हाय!"

टाळ्या! काय टाळ्या! लोक उठून उभे राहिले. टेंबे साहेबही वाजवत होते, मान खाली घालून. शालिनी हार गळ्यात घालून उभी होती. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

भाऊसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "काय देशपांडेबाई, झाली का नाही मैत्रिणीची सोय?"

मग मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. हारतुऱ्यांसमोर, माइकसमोर बोलले एवढं खरं. "तुमच्या गुळाच्या भावासाठी तिच्या लेकराची आई अडकवून ठेवलीत, लाज वाटत नाही का?" हे नक्की बोलले. बाकीचं लोकांनी मला नंतर सांगितलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

*

दुसऱ्या दिवशी माझ्याविरुद्ध तक्रार गेली. सही भाऊसाहेबांची. उद्धट वर्तन, ग्राहकांचा अपमान. खात्यानं ताबडतोब कारवाई केली. आमच्या खात्यात ताबडतोब झालेली ती एकच गोष्ट!

शिक्षा काय? आडबाजूला बदली. कुठं?

जामखेडला!

मी टेंबे साहेबांपुढं हात जोडले. "साहेब, माझी नवऱ्यासकट इथंच सोय आहे. मला नको, तिला पाठवा. नाव बदला फक्त."

टेंबे साहेब म्हणाले, "असं कसं? मग ती शिक्षा कशी होईल? आणि शालिनीबाई, तुम्ही निराश होऊ नका. अजून एक वर्ष असंच स्वच्छ काढा. मी पुन्हा शिफारस करतो."

शालिनी म्हणाली, "हो साहेब." बोर्डावरच्या आवाजात.

*

जामखेडला मी रुजू झाले. दिवाळी होऊन गेली होती. एके दुपारी खर्ड्याच्या पोस्टाचं झाकण पडलं. पोस्टमास्तर बोलत होते.

"बाई, एक पी. पी. कॉल लावा." पी. पी. म्हणजे ठरावीक माणसालाच फोनवर बोलवायचं, तो नसेल तर कॉल रद्द. "पार्टीचं नाव शालिनी गाडेकर. बोलनार तिची मुलगी. दिवाळीपास्नं आई कधी येनार म्हनून बसलीय, जेवत न्हाई. मामानं आनून बसवलीय हितं आन् बाजाराला गेला."

 मी नगरमार्गे लाइन जोडली. पलीकडून शालिनीचाच आवाज आला, "नंबर प्लीज."

"जामखेड बोलतेय," मी म्हटलं. "पी. पी. कॉल आहे. पार्टी शालिनी गाडेकर. खर्ड्याहून मंगल बोलणार."

 तेवढ्यात लाइनवर टक् झालं. तो आवाज ऑपरेटरला कळतो. तिकडं टेंबे साहेब कान लावून बसले होते. ड्यूटीवरच्या ऑपरेटरनं स्वतःचा कॉल घेतला, तर मेमो. मेमो म्हणजे स्वच्छ वर्ष गेलं.

"पार्टी ड्यूटीवर आहे," शालिनी म्हणाली. "सध्या बोलू शकत नाही. तसदीबद्दल माफ करा."

पण पोस्टमास्तरांनी रिसीव्हर आधीच पोरीच्या कानाला लावला होता.

"आवो बाई," बारीक आवाज आला, "माझी आई हाय तिथं. तिला म्हनावं मंगलचा फोन हाय."

"सांगते हं, बाळ."

"आन् म्हनावं, मी रडत न्हाई."

"सांगते." तोच आवाज. साखरेत घोळवलेला. जराही हलला नाही. "नक्की सांगते. आणखी काही सांगायचंय?"

"न्हाई."

मला वाटलं, आता पोरगी रडणार. मी कॉर्डला हात घातला होता. पण ती पोस्टमास्तरांशी बोलत होती, खुशीत.

"मास्तर, ही बाई लई ग्वाड बोलती हो! म्होरल्या टायमाला बी हीच लावून द्या!"