दोरी मालकाच्या हातात

देऊळघाटला माझ्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानासमोरच त्या दुसऱ्या मिस्त्रीचं दुकान आहे. लाकूड कापायची मशीन सुरू होत नसली, की आम्ही दोघंही आधी प्लग काढून पाहतो. प्लग कोरडा निघाला म्हणजे पेट्रोल पोचत नाही, मग कार्बोरेटर खोलायचा. यात त्याला माझ्यापेक्षा काडीचंही जास्त कळत नाही, हे मी कुठंही सांगीन.

फक्त त्याची एक खोड आहे. कार्बोरेटर साफ करून बसवला, की मशीन सुरू करायची दोरी तो स्वतः ओढत नाही. बाजूला सरकून म्हणतो, "ओढा भाऊ, तुमच्याच हातानं सुरू होते ते." मशीन धडधडते आणि दुरुस्ती आपणच केल्यासारखं गिऱ्हाईक खुश. नाटकं सारी!

परवा माझे बाबा आमची मशीन घेऊन त्याच्याकडे गेले. मला हे काम त्यांनीच शिकवलं, पण आता हात थरथरतात म्हणून मी त्यांना दोरीला हात लावू देत नाही. त्यानं दोरी त्यांच्याच हातात दिली. पहिला झटका वाया गेला. तो जागचा हलला नाही.

"घाई काऊन करता काका? ओढा अजून."

मशीन सुरू झाली. बाबा हसले आणि त्यांनी आधी माझ्या दुकानाकडे पाहिलं. मी मान खाली घालून घट्ट असलेलाच स्क्रू आवळत राहिलो.