कॅप्टन सूनबाईची तारीख

आमच्या संगमनेर कोर्टाच्या बाररूममध्ये चहा आला की किस्से सुरू होतात. बाकीच्या वकिलांकडे बांधाच्या भांडणांचा साठा. माझे सगळे किस्से मात्र एकाच केसचे! "मॅडम, ही केस मिटवू नका हं, आमची करमणूक जाईल," असं लोक म्हणतात. मला या केसचा खरं तर संताप येतो. पण सांगायला बसले की हसूही येतं, त्याला काय करणार?

माझी अशील वैशाली. लष्करी हॉस्पिटलात नर्सिंग ऑफिसर, हुद्दा कॅप्टन. नवऱ्याशी पटलं नाही, वेगळे झाले. त्यांची सहा वर्षांची मुलगी ईश्वरी गावी, तिच्या वडिलांकडे. वैशालीचं मागणं एवढंच, की मी सुट्टीवर आले की लेक माझ्याजवळ राहू दे. त्यावर निकाल होईपर्यंत कोर्टाचा आदेश असा : सुट्टीत आली तर शनिवारी दोन तास भेट, तीही फक्त कोर्टाच्या आवारात. एरवी रविवारी व्हिडिओ कॉल.

नवऱ्याचं खताचं दुकान आहे. तो कोर्टात नुसती मान हलवतो. खरे लढवय्ये म्हणजे सासरे, नाना!

*

नाना साक्षीला उभे राहिले. "साहेब, लेकरू घरी आन् आई तिकडं मिल्ट्रीत. ही कसली आई? बाईमान्साला माया नको?"

मी उलटतपासणीला उठले. "नाना, तुमचा धाकटा मुलगाही फौजेत आहे ना?"

"व्हय! पंजाबात हाय."

"त्याची मुलं कुठं असतात?"

"आमच्याकडंच की, त्येंच्या आईजवळ."

"मग तो कसला बाप?"

नानांनी छाती पुढे काढली. "त्यो? त्यो देशसेवा करतोय!"

जज्जसाहेबांनी बराच वेळ पेनाचं टोपण शोधलं. ते पेनालाच होतं.

*

वैशालीला कशीबशी मे महिन्यात सुट्टी मिळाली. आणि मे महिन्यात कोर्टाला सुट्टी! भेटीची तारीख मागायला मी क्लार्ककडे गेले.

"जूनमध्ये बोलवा ना त्यांना," ते म्हणाले.

"जूनमध्ये त्यांना रजा नाही हो."

"मग मेमध्येच तारीख मिळावी असा अर्ज द्या."

"देते. कधी देऊ?"

"कोर्ट उघडल्यावर. जूनमध्ये!"

*

पुढच्या सुट्टीत एकदाची भेट झाली. कोर्टात मुलांसाठी एक खोली आहे. खेळणीही आहेत, कपाटात, कुलपात. का? तर म्हणे, "मुलं मोडतात ना, मॅडम!"

मायलेकी बाकावर बसल्या. ईश्वरी आधी लांबच होती, मग हळूहळू सरकत मांडीपर्यंत आली. तेवढ्यात समोरच्या बाजूचे वकीलसाहेब एका दांडग्या पोराला घेऊन आत शिरले. मला वाटलं, काहीतरी हरकत घेणार.

"कॅप्टनमॅडम, हा माझा भाचा. याला भरतीचं जरा समजावून सांगा ना. पोरगं धावतं चांगलं, पण उंचीत अडकतंय."

दोन तासांतला अर्धा तास भाच्याने खाल्ला! बाहेर येऊन ह्याच वकीलसाहेबांनी लिहून दिलं, की मुलगी आईजवळ फारशी रमली नाही.

*

व्हिडिओ कॉलची तऱ्हा निराळी. मोबाईल नानांच्या हातात. वैशालीला दर रविवारी दिसायचा तो घरातला पंखा. पोरीचा नुसता आवाज यायचा, तोही नाना मधेच तोडायचे. "रेंज न्हाई, ठेवतो!"

एका रविवारी वैशालीने मला फोन केला आणि रडली. "मॅडम, तिचा दात पडलाय म्हणे. मला तो बघायचा होता हो." कॅप्टन वगैरे सगळं बाजूला राहिलं.

मी कोर्टात तक्रार केली. समोरचे वकीलसाहेब शांतपणे उठले. "आदेशात व्हिडिओ कॉल म्हटलंय. त्यात कोण दिसावं, हे कुठं म्हटलंय?"

*

मग आला सव्वीस जानेवारी. झेंडावंदनाला पाहुणा फौजीच हवा, असा गावाचा रिवाज. शेजारच्या गावाने रिटायर्ड हवालदार आणला होता. आपल्या गावची तर अख्खी कॅप्टन तारखेसाठी सुट्टीवर आलीय, हे गुरुजींना कळलं. शाळा समितीचे अध्यक्ष कोण? नाना! पण गावाच्या इभ्रतीचा प्रश्न. नाही कसं म्हणणार?

आदेश मोडला म्हणून उद्या कोणी बोंब मारू नये, यासाठी मीही सोबत गेले. नानांनी स्वतः शाल घातली, नारळ दिला आणि माईक हातात घेऊन गरजले, "ही आमच्या घरान्याची सून हाय! आमाला लई अभिमान हाय!" टाळ्यांचा कडकडाट!

बक्षिसं सुरू झाली. रांगोळीच्या पहिल्या नंबरासाठी पहिलीतली ईश्वरी स्टेजवर आली. वैशालीने वही-पेन तिच्या हातात दिलं. पोरीने ते घेतलं, पण ती जागची हलेना. आईकडे बघतच राहिली.

"आई, तू कोर्टाच्या बाहेर पण भेटतीस?"

माईक चालू होता. आणि तो नानांच्या हातात होता.