अक्कांच्या चेहऱ्यावरचा लाइट

वडील गेल्यावर जळगावचा फोटो स्टुडिओ मी एकटीनं चालवायला घेतला, तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. भाऊ सुरतेला, आई त्याच्याकडे. स्टुडिओच्या मागे एक खोली होती, तिथं मी राहायची. नव्वदच्या आसपासचे दिवस. फोटोंपेक्षा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगला मागणी जास्त, आणि हळदीच्या वेळी कॅमेरा घेऊन बाईच आलेली लोकांना बरी वाटायची. त्यामुळे काम भरपूर होतं. बोलायला मात्र कुणी नव्हतं. गिऱ्हाईकाला ‘मान सरळ, हनुवटी थोडी खाली’ सांगायचं, तेवढंच काय ते दिवसभराचं बोलणं.

अशाच एका दुपारी त्या आल्या. धुळ्याला मुलींच्या शाळेत संगीत शिकवायच्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. खेड्यापाड्यांत फिरून त्यांनी बायकांची जात्यावरची, लग्नातली अहिराणी गाणी गोळा केली होती. आता त्यांचा एक छोटा कार्यक्रम बसवून खानदेशात ठिकठिकाणी करायचं मनात होतं. जाहिरातीच्या कागदासाठी फोटो हवा होता. समोरून लाइट टाकला तर त्यांचा चेहरा सपाट दिसत होता, म्हणून मी दिवा बाजूला नेला आणि थोडा उंच केला. चार दिवसांनी त्या फोटो न्यायला आल्या आणि बराच वेळ तो हातात धरून उभ्या राहिल्या.

“हे तू जे केलंस, ते स्टेजवर करता येईल?”

“स्टेजचं काम मी कधी केलेलं नाही.”

“मी तरी कुठं केलंय?” त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मग पुढचे दोन महिने दर शनिवारी स्टुडिओ लवकर बंद करून मी धुळ्याची एसटी पकडायची. त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी ग्राफपेपरवर स्टेज आखायची आणि त्या भाकऱ्या थापता थापता गायच्या. कुठं थांबणार, कुठं वळणार, कुठल्या ओळीला डोळे मिटणार, सगळं मी गाण्याच्या ओळींखाली लिहून घ्यायची. यजमान सरकारी नोकरीत, मुलगी दहावीला. दोघं जेवून उठायची तरी आमचं चालूच असायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल आणि ठेचा. मी त्यांना अक्का म्हणायला लागले. वडील गेल्यापासून मला कुणी ‘अजून अर्धी घे’ म्हटलं नव्हतं.

सगळं सामान एका मॅटाडोरमध्ये बसायला हवं होतं. अक्का, तबल्यावर साथ करणारे एक म्हातारे नाना, पेटीवाले मास्तर, ड्रायव्हर आणि मी. उरलेल्या जागेत आठ दिवे, दोन लोखंडी स्टँड, उजेड कमी-जास्त करायला लाकडी फळीवर बसवून घेतलेले सहा डिमर, व्हीसीआर, आणि जळगावच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ थिएटरमधून आणलेला प्रोजेक्टर. लाल, हिरवं, निळं अशी तीन भिंगं असलेलं ते धूड उचलायला दोन माणसं लागायची आणि तिन्ही रंग एकावर एक जुळवायला अर्धा तास. पडदा मांजरपाटाचा, शिंप्याकडून जोडून घेतलेला.

गाण्यांच्या वेळी पडद्यावर दाखवायची व्हिडिओ कॅसेट मीच तयार केली. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जाऊन शूटिंग केलं. जात्यावरचे हात, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या पाठी, लिंपलेल्या भिंतीवर सरकत जाणारं ऊन. पण प्रोजेक्टरचा उजेड मंद होता. अक्कांच्या चेहऱ्यावर पुरेसा लाइट टाकला की पडद्यावरचं चित्र पार पुसून जायचं, चित्र दिसावं म्हटलं तर अक्का अंधारात. मी पुष्कळ खटपट केली. शेवटी त्यांना पडद्यापासून सात फूट पुढे बसवलं, समोरचा लाइट अगदी कमी ठेवला आणि दोन्ही बाजूंनी उंचावरून तिरपे दिवे सोडले. चित्र फिकट पण कळण्याइतकं दिसायचं, आणि अक्कांचा चेहरा त्या फोटोसारखा.

पहिला कार्यक्रम जळगावला झाला, दुसरा दीपनगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत. तिथं व्होल्टेज इतकं स्थिर होतं की मला पुन्हा कधी तसं मिळालं नाही. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. शेवटच्या गाण्याला मी दिवे इतके हळू उतरवले की लोक टाळ्या वाजवायचं विसरले. मग एकदम वाजवायला लागले.

माझं टेबल लोकांच्या मागे, पार शेवटी असायचं. तिथून मला कार्यक्रमभर पाठी दिसायच्या आणि त्यांच्या पलीकडे, उजेडात, अक्का. कार्यक्रम संपला की लोक त्यांच्याभोवती गोळा व्हायचे आणि मी दिवे गार होण्याची वाट बघत वायरी गुंडाळायची. आवरून जेवायला जावं तर पंगत उठलेली असायची. दीपनगरला नाना हात पुसत मला शोधत आले.

“पोरी, एकलीच काबरं बशेल शे? चाल, जेवी ले.”

अक्का तेव्हा आतल्या खोलीत कुणा साहेबांच्या बायकोला गाणं शिकवत होत्या. मला बघून त्यांनी हात केला आणि पुन्हा वळल्या. त्यात काही चूक नव्हतं. पण धुळ्याच्या त्या स्वयंपाकघरात मी एकटीच ऐकणारी होते, आणि आता त्या सगळ्यांच्या होत्या. मला हे आधी कळायला हवं होतं.

मुक्कामाची सोयही वेगळी असायची. अक्का आयोजकांच्या घरी, पुरुष मंडळी शाळेच्या वर्गात, आणि मी ज्याच्याकडे जागा निघेल त्याच्याकडे. शिरपूरला मला एका वकिलांच्या घरी ठेवलं. वकिलांच्या बायकोनं चहा देता देता विचारलं, “तुम्ही गाता का?”

“नाही, मी लाइट करते.”

“म्हणजे वायरमनचं काम?”

“तसंच काहीसं.”

“आणि घरी कोण कोण असतं?”

“कुणी नाही,” मी म्हणाले. त्यावर त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

त्या दिवशी शिरपूरच्या हवेत कापसाची धूळ होती. जवळच जिनिंग चालू होतं. दुपारी अक्का सारख्या गरम पाणी मागत होत्या. संध्याकाळी पहिली तीन गाणी बरी गेली. चौथं जात्यावरचं, त्यात आवाज वर न्यायचा होता. पहिल्या वेळी आवाज घासला. कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण त्यांचा चेहरा दोन महिने माझ्यासारखा कुणी पाहिला नव्हता. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि पुढच्या ओळीआधी डोळे उघडे ठेवले. त्या ओळीला त्या नेहमी डोळे मिटायच्या. त्या घाबरल्या होत्या.

मी विचार केला नाही. चेहऱ्यावरचे तिन्ही दिवे उतरवले. मागच्या पडद्यावर एका म्हातारीचे जात्यावरचे हात एकदम ठळक झाले. दंडापर्यंत गोंदलेले, पिठानं पांढरे झालेले हात. लोकांची नजर तिकडे गेली. अंधारात अक्कांनी ती ओळ खालच्या पट्टीत घेतली आणि गाणं पार पडलं. टाळ्या थांबेनात.

मी खूश होते, हे लपवून काय उपयोग? अक्कांना सांभाळल्याचं समाधान होतंच. पण ते हात मी शूट केले होते, आणि इतके दिवस ते कुणाला धड दिसले नव्हते. त्याचाही आनंद होता.

सकाळी आयोजकांच्या ओट्यावर चहा चालू होता. अक्कांनी कप खाली ठेवला.

“काल माझ्यावरचा लाइट का काढलास?”

“अक्का, तुमचा आवाज अडकत होता. मला वाटलं, लोकांचं लक्ष थोडा वेळ दुसरीकडे गेलं तर...”

“लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून तुला घेतलं. मला झाकायला नाही.”

“झाकायला नाही हो. तुम्ही घाबरल्यासारख्या दिसलात.”

हे मी बोलायला नको होतं. मास्तर तिथंच बसले होते, घरातली मंडळीही होती. अक्कांचा चेहरा उतरला आणि मग कठीण झाला.

“मी पंचवीस वर्षं गातेय,” त्या म्हणाल्या. “आवाज अडकला तर अडकला. तो माझा आहे. तू विचारलं तरी होतंस का?”

“चालू गाण्यात कसं विचारणार?”

“मग करायचं नाही.”

नाना बशीतला चहा फुंकत होते. वातावरण हलकं करायला म्हणून ते म्हणाले, “पण पडदा बठ्ठासले आवडना.” पडदा सगळ्यांना आवडला असं सांगून आपण माझी बाजू घेतोय, असं त्यांना वाटलं.

सोनगीरला जाताना अक्का पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी मागे, प्रोजेक्टरला टेकून. तिथल्या शाळेच्या पटांगणात आम्ही उतरलो तेव्हा एक गुरुजी लगबगीनं आले आणि अक्कांसमोरच मला म्हणाले, “ते जात्यावरचे हात दाखवणार ना? शिरपूरची माणसं सांगत होती.” अक्का तशाच पुढे गेल्या. त्या दिवशी काय हवं, काय नको हे त्यांनी नानांच्या तोंडून कळवलं. सोनगीरच्या किल्ल्यामागे सूर्य जाईपर्यंत मी पटांगणात स्टँड उभे करत होते. पाण्याचा तांब्यासुद्धा मी मागितला नाही.

शेवटचा कार्यक्रम धुळ्याला होता, त्यांच्या स्वतःच्या गावात. हॉल भरला होता. शाळेतल्या बाया, विद्यार्थिनी, शेजारपाजार. यजमान आणि मुलगी पहिल्या रांगेत. पडदा बांधायला घेतला तशा अक्का स्टेजवर आल्या. शिरपूरनंतर पहिल्यांदा त्या माझ्याशी थेट बोलल्या.

“आज पडदा नको. माझ्यावर पांढरा लाइट ठेव आणि हलवू नकोस.”

“एकाही गाण्याला नाही?”

“एकाही नाही. काहीही झालं तरी.”

मी पडदा सोडला, घडी केली. दिव्यांवरचे जिलेटिनचे रंगीत कागद काढून टाकले. दिवे समोर आणले. फोटो काढायला आल्या त्या दिवशी दिसत होता तसा त्यांचा चेहरा सपाट झाला, तरी मी दिवे तसेच ठेवले.

त्या धीरानं गायल्या. आवाज जाड झाला होता, तरी त्या एकेक गाणं सावकाश पुढे नेत होत्या. जात्यावरचं गाणं आलं आणि वर जाताना आवाज तुटला. या वेळी घासला नाही, गेलाच. तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. मास्तरांनी पेटीवर सूर धरून ठेवला. नानांचा हात थांबला.

माझा हात डिमरवर होता. एवढासा फिरवला की झालं असतं. अक्का मान वर करून हॉलच्या मागच्या बाजूला, माझ्या दिशेनं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत लाइट होता, म्हणजे मी त्यांना दिसत नव्हते हे मला ठाऊक होतं. त्या ‘काढ’ म्हणत होत्या की ‘काढू नकोस’ म्हणत होत्या, हे मला कळेना. इतके दिवस त्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ मी ओळखत होते, आणि नेमकं तेव्हा मला काही वाचता येईना. मला सांगितलं होतं हलवू नकोस. मी हलवला नाही.

मग त्यांनी उरलेलं गाणं गायचं सोडून नुसतं सांगितलं. साधं, बोलल्यासारखं, ओळीमागून ओळ. मधे दोनदा खोकला आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपल्या माणसासाठी वाजवतात तशा, सांभाळून. अक्कांची मुलगी मात्र मान खाली घालून बसली होती.

सामान भरून झाल्यावर मी आतल्या खोलीत गेले. अक्का खुर्चीत बसल्या होत्या, गळ्याभोवती शाल. शाळेतल्या बाया भोवती होत्या. मी दारातच थांबले.

“सगळं नीट भरलंस ना?” त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मी दारातूनच निघाले.

दोन-तीन महिन्यांनी नाना जळगावला आले होते, ते स्टुडिओत डोकावले. त्यांच्याकडून कळलं की डॉक्टरांनी अक्कांच्या गळ्यात गाठ असल्याचं सांगितलंय, साधी, पण गाणं बंद. नंतर यजमानांची बदली झाली आणि ते कुटुंब नाशिकला गेलं. मी जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हणत राहिले, मग लग्नसराई आली, मग इतके दिवस का नाही आलीस याला काय उत्तर द्यायचं तेच सुचेना. स्टेजच्या लाइटचं काम मला पुढेही दोन-तीन जणांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

सात-आठ वर्षांनी धुळ्याच्या बसस्टँडवर त्या भेटल्या. भर दुपारची वेळ. केस पांढरे झाले होते, आवाज कायमचा खालचा झालेला. मीच आधी ओळखलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, मुलीच्या लग्नाचं सांगितलं, जावई चांगला आहे म्हणाल्या. माझं विचारलं. मी स्टुडिओ चालूच आहे म्हणाले. त्यांची नाशिकची गाडी फलाटाला लागत होती.

“अक्का,” मी म्हणाले, “त्या दिवशी मी लाइट काढायला हवा होता का?”

“कोणत्या दिवशी?”

त्यांच्या चेहऱ्याकडे मी नीट बघितलं. खरंच आठवत नव्हतं, की आठवून विचारत होत्या, तेव्हाही मला कळलं नाही.

“काही नाही,” मी म्हणाले. “गाडी लागली बघा.”

मी त्यांची पिशवी वर चढवली. त्यांना पलीकडच्या बाजूची खिडकी मिळाली, त्यामुळे गाडी निघताना त्या दिसल्या नाहीत. जळगावच्या गाडीला वेळ होता. दुसऱ्या दिवशी पारोळ्याला एक लग्न होतं, सकाळी आठला पोचायचं होतं. मी बाकावर बसून कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करायला कधी लावायच्या याचा हिशेब करत राहिले.